एकतिसाव्या प्रश्नाचं उत्तर

आमच्या वाल सोर्दा खोऱ्यात पक्की नोकरी लागलेल्या कुठल्याही माणसाला थांबवून विचारा, की बाबा रे, ‘काही’ आणि ‘सर्व’ यांतला फरक तुला कोणी शिकवला? तो देल्फिना कोलुच्चीचं नाव घेईल. पोस्टाच्या खिडकीतला टक्कल पडलेला कारकून तिचा विद्यार्थी. इस्पितळात नावं नोंदवून घेणाऱ्या दोघी बहिणी तिच्या विद्यार्थिनी. वनखात्याच्या हिरव्या गाडीतून मिशीला पीळ देत हिंडणारा तो लांबोडाही तिच्याच हाताखालून गेलेला. सरकारी परीक्षेत तर्काचे साठ प्रश्न असतात, आणि ते सोडवायला शिकवण्यात देल्फिनाचा हात धरणारं डोंगराच्या अलीकडे-पलीकडे कोणी नव्हतं.

आणि तिला स्वतःला? अकरा परीक्षा दिल्या, अकराही वेळा पास झाली, अकराही वेळा नोकरी हुकली. आमच्याकडे यादीत दोन प्रकारचे लोक असतात. वरचे ‘निवड झालेले’, आणि खालचे ‘पात्र’. पात्र म्हणजे, बाई, तू हुशार आहेस, घरी जाऊन बस. वरच्यांपैकी कोणी मेला किंवा कंटाळला तर बोलावू. देल्फिना वीस वर्षं पात्र होती.

चर्चच्या मागे एक लांबट खोली आहे. तिथे पोरांनी टाकून दिलेलं टेबल टेनिसचं टेबल आहे, जाळी केव्हाच गेलेली. मंगळवारी आणि शुक्रवारी पाच ते सात देल्फिना तिथे शिकवायची. फळाबिळा नव्हता. घरून आणलेली पातेल्यांची झाकणं ती टेबलावर मांडायची. मोठं झाकण म्हणजे सर्व शिक्षक, त्यावर अर्धं चढवलेलं लहान झाकण म्हणजे चष्मा लावणारे. ‘काही शिक्षक चष्मा लावतात, यावरून काही शिक्षक चष्मा लावत नाहीत असं म्हणता येईल का?’ सगळे म्हणायचे, येईल. मग ती लहान झाकणाच्या जागी तेवढंच मोठं झाकण बरोब्बर वर ठेवायची आणि म्हणायची, ‘हे झाकण पाहिल्यावरही काही शिक्षक चष्मा लावतात हे वाक्य खरंच राहतं. सगळे लावतात म्हणजे काही लावतातच. वाक्यात जेवढं आहे तेवढंच घ्या. पदरचं काही घालू नका.’

नोकरी लागली की विद्यार्थी मिठाईचा खोका घेऊन यायचे. देल्फिना हसून खोका घ्यायची, दोन्ही गालांवर मुके घ्यायची, आणि तो माणूस दाराबाहेर पडला की त्या दिवशी तिला जेवण जात नसे. तो कारकून तीन महिने ‘टक्के’ आणि ‘आकडे’ यांत गोंधळ घालायचा. त्याला खुर्ची मिळाली. त्या बहिणींतल्या धाकटीला ‘कोणीही नाही’ याचा उलट अर्थ ‘सगळे’ वाटायचा. तिलाही मिळाली. देल्फिनाला मत्सर वाटायचा, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही, तिने स्वतःही फारसं झाकलं नव्हतं. पण ते सगळे परके होते. परक्यांचा मत्सर पावसाळी खोकल्यासारखा असतो, येतो आणि जातो. घरचा मत्सर छातीत घर करतो.

घरचा मत्सर मार्झियाच्या रूपाने आला. मार्झिया म्हणजे देल्फिनाच्या धाकट्या भावाची, रोक्कोची बायको. खाली रेल्वे फाटकाजवळची, एकतीस वर्षांची, जाड मनगटांची, मोठ्यांदा हसणारी. चौकातल्या बेकरीत पहाटे चारला कणीक मळायला जायची. लग्न होऊन ती वरच्या मजल्यावर राहायला आली, तेव्हा देल्फिना चाळिशीत होती आणि खालच्या मजल्यावर आईबरोबर, आसुन्ताबाईंबरोबर राहत होती. महिनाभरात म्हाताऱ्या आसुन्ताबाई म्हणायला लागल्या, ‘मार्झियाच्या हाताला चव आहे.’ पंचवीस वर्षं त्या घरात रविवारी वाळवलेल्या लाल मिरच्या देल्फिना तळायची. एका रविवारी ती स्वयंपाकघरात आली तर कढईसमोर मार्झिया उभी.

‘अगं, मम्मा म्हणाली म्हणून,’ मार्झिया म्हणाली. ‘तुझ्या जरा करपतात म्हणे.’

देल्फिनाने मिरची खाल्ली. करपलेली नव्हती. ती करपलेली असती तर तिला बरं वाटलं असतं.

मग रोक्कोने एक दिवस जिन्यात गाठलं. ‘देल्फिना, हिला पण शिकव ना. तिच्या पाठीचं काही खरं नाही. पन्नास किलोची पोती उचलते रोज. आपल्या खोऱ्याची परीक्षा निघणारच आहे.’

परीक्षा निघाली खरी. आमच्या खोऱ्यातल्या अकरा गावांनी मिळून एक संयुक्त कचेरी काढली होती, आणि तिच्यात बारा कारकुनांच्या जागा होत्या. घरापासून बसने वीस मिनिटं. एवढ्या जवळ एवढ्या जागा आमच्याकडे पूर्वी निघाल्या नव्हत्या आणि पुढे निघतील असं कोणी म्हणत नव्हतं. देल्फिना चव्वेचाळीस वर्षांची होती. हल्ली पोरं मोबाइलवर तर्क शिकायला लागली होती, टेबलाभोवती कधी चार जण असायचे तर कधी दोन. तिने आईला सांगून टाकलं, की ही बारावी आणि शेवटची. ही गेली की मी झाकणं स्वयंपाकघरात परत नेणार.

तिने मार्झियाला शिकवलं. दोन हिवाळे शिकवलं. ‘नाही’ म्हटलं असतं तर लोकांनी कारण विचारलं असतं, आणि कारण सांगण्यासारखं नव्हतं.

‘टेबलाशी दहा माणसं आहेत,’ देल्फिना विचारायची. ‘सात जण मिरच्या खातात. सहा जण वाइन पितात. दोन्ही करणारे कमीत कमी किती?’

‘आमच्याकडे तर दहाच्या दहा.’

‘तुमच्याकडचं विचारलेलं नाही.’

‘पण मिरची खाल्ल्यावर वाइन कोण पीत नाही?’

‘मार्झिया, सात आणि सहा किती?’

‘तेरा.’

‘आणि माणसं?’

‘दहा.’ मार्झिया बोटांवर मोजत बसली. मग तिचा चेहरा खुलला. ‘म्हणजे तीन जणांना दोनदा मोजलंय. कमीत कमी तीन. देल्फिना, तुझं डोकं म्हणजे काय आहे गं.’

देल्फिनाला ते कौतुकही बोचलं. एवढ्या सहज कौतुक करता येणारी माणसं तिला आवडत नसत, तिला स्वतःला ते कधी जमलं नव्हतं.

परीक्षेच्या तीन आठवडे आधी कचेरीने प्रश्नसंच छापला. आमच्याकडे तशी रीतच आहे. चोवीसशे प्रश्न उत्तरांसकट बाहेर येतात, आणि त्यातलेच साठ परीक्षेला पडतात. मग सगळं खोरं घोकायला लागतं. केशकर्तनालयात घोकतात, न्हाणीघरात घोकतात, प्रेतयात्रेत मागच्या रांगेत घोकतात. समजून सोडवणं हा वेडेपणा समजतात. मार्झियाने चोवीसशेच्या चोवीसशे प्रश्न आपल्याच आवाजात मोबाइलवर रेकॉर्ड केले आणि कणीक मळताना कानात घालून ऐकायला लागली. वरच्या मजल्यावरून दिवसभर तिची बडबड खाली ऐकू यायची.

‘पोपटपंची,’ देल्फिना आईला म्हणाली.

‘असू दे गं. पोपट तरी बोलतो. तू आपली गप्प बसून वाचतेस.’

देल्फिना फक्त प्रश्न वाचायची. उत्तरांची पानं तिने दोऱ्याने शिवून बंद केली होती. उत्तर आधी बघून पास होण्यापेक्षा नापास झालेलं बरं, असा तिचा ताठा होता. त्या ताठ्याने तिला आजवर काही दिलं नव्हतं, म्हणूनच बहुधा तो तिला इतका प्यारा होता.

परीक्षा जिल्ह्याच्या गावी, खेळाच्या मोठ्या सभागृहात झाली. तीन मोहोरबंद पाकिटं टेबलावर ठेवली होती. एका पोरीला बोलावून त्यातलं एक निवडायला लावलं. साठ प्रश्न, साठ मिनिटं, बरोबर उत्तराला एक गुण, चुकीला पाव गुण वजा. देल्फिना बाहेर आली ती तृप्त होऊन. बसमध्ये मार्झिया शेजारी बसली आणि डोकं खांद्यावर टाकून झोपून गेली. देल्फिनाने खांदा हलवला नाही. आज तिला सगळ्या जगाला खांदा द्यायला परवडत होतं.

नवव्या दिवशी यादी लागली. चौकातल्या फलकावर लोकांची ही गर्दी. देल्फिनाने यादी वरून वाचायला सुरुवात केली. दहावा औषधवाल्याचा जावई. अकरावी कोणी परगावची. बारावं नाव, मार्झिया दे पाओला (आमच्याकडे लग्नानंतरही माहेरचंच आडनाव राहतं), साडेबावन्न गुण. तेरावं नाव, देल्फिना कोलुच्ची, साडेबावन्न गुण, पात्र.

गुण तेवढेच होते. तिने तीन वेळा पाहिलं. मग खाली बारीक अक्षरात छापलं होतं ते वाचलं. समान गुण असल्यास वयाने लहान उमेदवारास प्राधान्य.

हा नियम आमच्याकडे पोराटोरांनाही पाठ असतो. देल्फिनाने स्वतः शेकडो वेळा शिकवला होता. पण नियम पाठ असणं वेगळं आणि तो आपल्या मानेवर पडणं वेगळं. साठ प्रश्नांत ती मार्झियापेक्षा तसूभरही कमी पडली नव्हती. ती कमी पडली होती ती तेरा वर्षांनी, आणि त्या तेरा वर्षांत तिने केलं काय होतं, तर दुसऱ्यांना शिकवलं होतं.

मागून मार्झियाने तिला मिठी मारली. ती रडत होती. ‘माझ्यामुळे झालं गं हे,’ ती म्हणाली.

‘तुझ्यामुळे नाही. नियमामुळे,’ देल्फिना म्हणाली. मार्झियाच्या अंगाला पिठाचा वास होता, आणि तो वास देल्फिनाला त्या क्षणी जगात सगळ्यात नकोसा वाटला.

रविवारी जेवताना आसुन्ताबाईंनी वाइनचा पेला उचलला. ‘चला, घरात तर आली नोकरी. कोणाच्या का असेना.’

‘मम्मा,’ रोक्को म्हणाला.

‘काय मम्मा? मी वाईट काय बोलले? देल्फिनाला शिकवण्याचं समाधान आहे.’

देल्फिनाने काटा खाली ठेवला. समाधान. ती ताटातल्या मिरचीकडे बघत बसली. मिरची खाल्लीही नव्हती, तरी नाकाला झोंबली होती.

सोमवारी तिने कचेरीच्या संगणकावर आपली उत्तरपत्रिका पाहिली. सहा उत्तरांवर लाल खूण होती. पाच तिला मान्य झाली. सहाव्यापाशी, एकतिसाव्या प्रश्नापाशी, तिचे डोळे थांबले. प्रश्न असा होता: एका गावातल्या सत्तर टक्के कुटुंबांकडे मोटार आहे, साठ टक्के कुटुंबांकडे भाजीचा मळा आहे. यावरून कोणतं विधान निश्चित खरं ठरतं? अ, मोटार असलेल्यांपैकी बहुतेकांकडे मळा आहे. ब, मोटार असलेल्यांपैकी निदान काहींकडे मळा आहे. क, मोटार नसलेल्या सगळ्यांकडे मळा आहे.

देल्फिनाने ‘ब’ लिहिलं होतं. कचेरीचं म्हणणं ‘अ’.

‘मूर्ख,’ ती शांतपणे म्हणाली. सत्तर आणि साठ, एकशेतीस. शंभरातून तीस दोनदा मोजलेले. म्हणजे दोन्ही असलेले कमीत कमी तीस. सत्तरातले तीस म्हणजे निम्मेही नाहीत, बहुतेक कुठून आले? ती घरी धावत आली आणि शिवलेल्या पानांचा दोरा पहिल्यांदाच दातांनी तोडला. प्रश्नसंचातही ‘अ’च छापलं होतं. छापतानाच चूक झाली होती, आणि तपासणाऱ्यांनी तीच पुढे ओढली होती.

आणि तिथेच तिच्या डोक्यात ते आलं. ज्यांनी प्रश्नसंच घोकला त्या सगळ्यांनी ‘अ’ लिहिलं असणार. मार्झियाने प्रश्नसंच घोकला. म्हणून मार्झियाने ‘अ’ लिहिलं.

तिने पेन्सिल घेतली. चूक दुरुस्त झाली तर तिचे स्वतःचे साडेबावन्नाचे पावणेचोपन्न होणार होते. मार्झियाचे साडेबावन्नाचे सव्वाएक्कावन्न. मार्झिया यादीतून बाहेर, ती आत. खरं बघता वरच्या बारांपैकी कोणीही एक जण खाली घसरला असता तरी देल्फिनाचं काम होत होतं, आणि इतके घोकणारे असताना कोणी ना कोणी घसरणारच होता. शिष्याने असा हिशेब अर्धवट सोडला असता तर तिने त्याला धारेवर धरलं असतं. पण त्या कागदावर तिने दोनच नावं लिहिली होती. बाकीचे अकरा जण तिला दिसतच नव्हते.

हरकत नोंदवायला दहा दिवसांची मुदत होती. आणि ती फक्त निवड न झालेल्यानेच नोंदवायची. ज्याला जागा मिळाली त्याचा अर्ज कचेरी घेतच नाही, तुझं काय बिघडलंय म्हणून परत पाठवते.

तरीही ती एकदा बेकरीत गेली. खात्री करून घ्यायला म्हणा, किंवा आपल्याला कोणी अडवावं म्हणून म्हणा. मार्झिया परातीत हात कोपरापर्यंत घालून उभी होती.

‘एकतिसाव्याला काय लिहिलंस गं? तो मोटार आणि मळ्याचा?’

मार्झियाने तिच्याकडे पाहिलं. मग कणकेकडे पाहिलं. ‘साठ प्रश्न होते. आता कुठलं आठवायला? का गं?’

‘सहज.’

‘काही चुकलंय का त्यात?’

‘काही नाही. पाव दे एक. भाजलेला दे, परवाचा कच्चा होता.’

परवाचा पाव कच्चा नव्हता. देल्फिना तो काखेत मारून घरी आली आणि तिने अर्ज लिहायला घेतला. तीन पानं लिहिली. इतकं नितळ तिने आयुष्यात काही लिहिलं नव्हतं. कुटुंबांच्या जागी दहा ताटं काढून दाखवली, बाणांनी दाखवलं, एकही शब्द रागाचा नव्हता. मत्सराने माणसाचं डोकं फिरतं म्हणतात. देल्फिनाचं उलट झालं होतं, तिचं डोकं नव्या सुरीसारखं चालत होतं. आठव्या दिवशी तिने अर्ज दिला आणि शिक्का मारून पोच घेतली. घरी कोणाला बोलली नाही.

मग वाट बघणं आलं. तीन आठवडे ती अशी गोड वागली की आसुन्ताबाईंनी तिचा ताप पाहिला. मार्झियाला तिने कचेरीत घालायला स्वतःचा राखाडी कोट दिला. ‘तुला जरा घट्ट होईल,’ म्हणाली, आणि मनात म्हणाली, फार दिवस लागणार नाही.

एके दिवशी दुपारी आई शेंगा सोलत म्हणाली, ‘मार्झियाने बेकरी सोडली. कालच राजीनामा दिला. बेकरीवाल्या तुल्लिओने तिच्या जागी समोरच्या विधवेच्या सुनेला घेतलंसुद्धा.’

देल्फिनाने हातातली शेंग खाली ठेवली. ‘इतक्यात कशाला सोडली? नेमणूक अजून हातात कुठे आली आहे?’

‘यादीत नाव आलं म्हणजे आलीच की. पाठ दुखते पोरीची. रात्रभर रोक्को तेल चोळत बसतो. तुझा चेहरा का उतरला?’

‘काही नाही.’

अर्ज मागे घेता येत होता. एक ओळ लिहायची, सही करायची, झालं. देल्फिनाने त्या दुपारी कागद काढला, टेबलावर ठेवला, पेनाचं टोपण काढलं. आता मार्झिया यादीतून गेली तर तिला ना कचेरी ना बेकरी. हे देल्फिनाला स्पष्ट कळत होतं. वर मार्झिया कसलंतरी गाणं गुणगुणत फरशी पुसत होती. त्या गाण्याने घात केला. इतकं निर्धास्त कोणी का असावं? वीस वर्षांत एका दिवसासाठी तरी मी अशी गायले का? देल्फिनाने पेनाचं टोपण लावलं आणि कागद परत खणात ठेवला. शेवटी मी खोटं काही लिहिलेलं नाही, तिने स्वतःला समजावलं. चूक ती चूक. आणि हे खरं होतं, म्हणून तर त्याच्याआड लपायला इतकं सोपं होतं.

नवी यादी गुरुवारी सकाळी लागली. चौकात कोणी नव्हतं, सुधारित यादी लागणार हे लोकांना ठाऊकच नव्हतं. देल्फिना फलकापाशी गेली, आणि या वेळी तिने यादी खालून वाचायला सुरुवात केली. स्वतःचं नाव शोधत नव्हती ती. विसावं, एकोणिसावं, अठरावं. चौदावा औषधवाल्याचा जावई. तेरावं, बारावं, अकरावं. मार्झिया कुठेच नव्हती. इतकी खाली गेली की नावच गेलं? आठवं. सातवं, देल्फिना कोलुच्ची, पावणेचोपन्न, निवड.

ते वाचून तिला जे वाटलं ते दोन श्वास टिकलं. ते दोन श्वास निखळ आनंदाचे होते, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. मग तिची नजर एक ओळ वर सरकली.

सहावं, मार्झिया दे पाओला, पावणेचोपन्न, निवड.

देल्फिना फलकासमोर उभीच राहिली. पावणेचोपन्न. म्हणजे मार्झियाचेही गुण वाढले होते. म्हणजे मार्झियाने ‘ब’ लिहिलं होतं. तिने आपलं अनुमान परत मांडून पाहिलं. सांगाडा चोख होता. पहिलं वाक्यच खोटं होतं. घोकणारे सगळे ‘अ’ लिहितात, हे तिला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. ते तिने पदरचं घातलं होतं.

ती थेट वरच्या मजल्यावर गेली. मार्झिया खिडकीपाशी तो राखाडी कोट उसवून कंबरेत सैल करत बसली होती. रोक्को कामावर गेला होता.

‘यादी लागली,’ देल्फिना म्हणाली.

‘कळलं. कचेरीतून फोन आला होता.’ मार्झियाने सुई कोटात टोचून ठेवली. ‘तू सातवी. मम्माला सांगितलंस का?’

‘तू ‘ब’ लिहिलंस.’

‘हो.’

‘प्रश्नसंचात ‘अ’ होतं.’

‘होतं ना. रेकॉर्ड करतानाच माझ्या लक्षात आलं. मी तुला विचारायला खाली आले होते, तर तू कानांवर हात ठेवलेस. उत्तरं ऐकवू नकोस म्हणालीस. मग मी माझी मीच ताटं मांडली, दहा. सात आणि सहा. तीनच निघाले. म्हटलं, देल्फिनाने शिकवलंय ते छापखान्यापेक्षा खरं. ‘ब’ रेकॉर्ड केलं, ‘ब’ लिहिलं.’

देल्फिना खुर्चीवर बसली. वीस वर्षांत तिच्यावर कोणी एवढा विश्वास टाकला नव्हता. त्याचा तिला राग आला.

‘बेकरीत विचारलं तेव्हा आठवत नाही म्हणालीस.’

‘आठवत होतं.’

‘मग सांगितलं का नाहीस?’

मार्झियाने कोटातला एक सुटा दोरा ओढून काढला. ‘मी माझी उत्तरपत्रिका तुझ्या आधी पाहिली होती. चूक दुरुस्त झाली तर आपण दोघी वर जाऊ आणि घोकणारे खाली, हे मला दिसत होतं. पण माझा अर्ज त्यांनी घेतला नसता. अर्ज तूच करायला हवा होतास. मग तू विचारायला आलीस. मी ‘ब’ लिहिलं असं सांगितलं असतं, तर तू अर्ज केला असतास?’

‘का नसता केला? माझाच तर फायदा होता.’

‘माझाही होता ना.’

देल्फिनाला म्हणायचं होतं, की दिलेल्या माहितीवरून असा निष्कर्ष निघत नाही. अशा वाकड्या अनुमानांना तिने आयुष्यभर लाल रेघ मारली होती. तिने पहिलं वाक्य तपासलं, दुसरं तपासलं, कुठे भोक आहे का बघितलं. त्या दिवशीचा स्वतःचा कागद तिच्या डोळ्यांसमोर आला, दोनच नावांचा. मार्झियाही वर जाणार हे कळलं असतं, तर तो कागद तिने चुलीत घातला असता, आणि तेरावी म्हणून मरेपर्यंत हळहळत बसली असती.

‘हे तू कशावरून ठरवलंस?’ तिने विचारलं.

‘चार वर्षं तुझ्याशेजारी जेवायला बसते, त्यावरून,’ मार्झिया म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, असता तर देल्फिनाला सोपं गेलं असतं. ‘मला एकटीला नको होती गं ती खुर्ची. तुझ्याकडून शिकून तुझ्याच डोक्यावर बसायचं, ते बरं दिसत नव्हतं. आणि बेकरी सोडली ती तुझा अर्ज गेल्याचं कळल्यावर. शिक्का मारणारा रोक्कोचा मित्र आहे. तू अर्ज केलास म्हणजे आपलं दोघींचं काम झालंच, तू असल्या बाबतीत चुकत नाहीस.’

‘मी तुला पाडायला केला होता अर्ज.’

‘माहीत आहे,’ मार्झिया म्हणाली, आणि कोट तिच्या अंगावर धरून बाही मापू लागली. ‘सरळ उभी राहा जरा. हा तूच घाल. मला नाही होत.’

पहिल्या तारखेला दोघी आठच्या बसने कामावर गेल्या. हजेरीपटावर मार्झियाचं नाव सहावं होतं, देल्फिनाचं सातवं, आणि ती एक ओळ देल्फिनाला रोज सकाळी सही करताना सलते. रोज सकाळी मार्झिया आपली सही करून पेन तिच्या हातात देते आणि दुसरीकडे बघते, ती ओळ तिला नीट सलू द्यावी म्हणून.